भोंगा झाला की ये

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. माझ्या पत्नीला सांगण्याची गरजच नव्हती. तिला ते ठाऊक होते. निदान काही काळ तरी ठाऊक होते.

आधी मी कोण, ते सांगतो. नांदेडच्या न्यायालयात कारकून म्हणून लागलो, अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. इतरांच्या साक्षी ऐकण्यात हयात गेली. त्यानंतर माझा एकच उद्योग उरला – तक्रार. फलाटावरचा कोरडा नळ, डब्यातला बंद पंखा, रोज उशिरा येणारी गाडी. रेल्वेच्या कार्यालयाला मी इतकी पत्रे पाठवली की तिथला शिपाईसुद्धा मला नावाने ओळखतो. लोक मला तापट म्हणतात. मी स्वतःला न्यायप्रिय म्हणत आलो. संतापलेल्या माणसाकडे कोणी पुरावा मागत नाही, हे मला फार पूर्वीच उमगले होते – हेही आज मान्य करतो.

मुलगा नितीन शांघायला नोकरीला असतो. त्याने आम्हा दोघांना बोलावून घेतले आणि एके दिवशी वेगवान गाडीने बीजिंग दाखवायला निघाला. त्या गाडीचे काय सांगू? पेल्यातले पाणी हलत नव्हते. दारावरच्या पाटीवर लाल आकड्यांत वेग दिसत होता. सुमन – माझी पत्नी – खिडकीला कपाळ टेकवून बाहेरची पिके ओळखण्यात रमली होती. मी मात्र आतून जळत होतो. लातूरहून नांदेडला रेल्वेने यायचे तर अर्धा दिवस मोडतो, आणि तेवढ्यात ही गाडी अर्धा देश ओलांडते? पत्राचा मसुदा मनात तयार होता. सोबत जोडायला फक्त फोटो हवा होता, गाडीच्या तोंडाचा.

मधल्या एका शहरात गाडी थांबली. नितीन चहा आणायला दुसऱ्या डब्यात गेला होता. माझा गुडघा आखडलेला. मी फोन सुमनच्या हातात दिला आणि तिला उतरायला सांगितले.

"गाडी सुटंल की हो," ती म्हणाली.

"सुटण्याआधी भोंगा होतो. मग गाडी हलते, तीही हळूहळू. भोंगा झाला की ये."

आपल्याकडे फलाटावर आपण हेच करत आलो, नाही का? उतरायचे, बाटली भरायची, पाय मोकळे करायचे, भोंगा झाला की बिनघोर चढायचे. तिथे सूचना झालीही असेल, पण ती चिनी भाषेत. भोंगा झाला नाही. दारे मिटली. गाडी हलली आणि पुढच्या बाजूला फलाटावर मला सुमन दिसली, दोन्ही हातांनी फोन धरून उभी. तिचा चेहरा माझ्या खिडकीसमोर आला – आणि मागे गेला.

त्या फोनमध्ये तिथले सिम नव्हते. तिच्याजवळ पासपोर्ट नव्हता. दोघांचेही माझ्या पिशवीत, कारण कागदपत्रे मी कोणाच्या हाती देत नाही. तिथली भाषा येण्याचा तर प्रश्नच नव्हता.

नितीन पेले सांभाळत परतला. "बाबा, आई कुठाय?"

पाटीवरचा आकडा चढत होता. मला विचार करायला वेळ मिळाला नाही, असे म्हणता आले असते. मिळाला होता.

"उतरली," मी म्हणालो. "मला न विचारता. माझा डोळा लागला होता."

आणि मग मी कडाडलो – भोंगा न देता दारे लावलीच कशी, म्हणून डब्यातल्या गणवेशातल्या कर्मचारी मुलीवर, चक्क मराठीतून. पोराला वाटले, बाबांचा आईसाठी जीव तुटतोय.

पुढच्या थांब्यावर उतरून आम्ही मागे आलो. स्टेशनातल्या एका खोलीत सुमन बसली होती, हातात गरम पाण्याचा कागदी पेला. नितीन तिच्यासमोर वाकला. "आई, असं कसं उतरलीस गं? बाबांना उठवायचं तरी."

तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत आरोप नव्हता. मी बोलेन म्हणून ती थांबली होती, एवढेच. मी पिशवीची चेन तपासू लागलो.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

फोटो चांगला आला होता. पांढरे निमुळते तोंड, कोपऱ्यात तिचे बोट. तो मी त्याच दिवशी पुसून टाकला. पुरावा नष्ट करणे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला हवे होते का?

नांदेडला परतल्यावर ही हकिगत मीच रंगवून सांगितली. सुमनला वडिलांकडून चाकूरला जमीन मिळालेली. पेरणीपासून मळणीच्या राशीपर्यंत ती एकटी एसटीने जायची, गड्यांना कामाला लावायची. तिचा भाऊ म्हणाला, "अक्का, तू आता येऊ नको बाई. चाकूर समजून कुठंबी उतरशील, अन् आमाला धुंडाया लागंल." सगळे हसले. तीही हसली. त्यानंतर ती एकटी गेलेली नाही. जमीन भाऊ पाहतो. नितीन दर फोनला बजावतो, आईला एकटीला सोडू नका.

त्याच्याच आग्रहाने तिला डॉक्टरांकडे नेले. विसरणे कधीपासून, असे त्यांनी विचारले – तिला नव्हे, मला. "चीनला गेलो तेव्हापासून," मी सांगितले. ती शेजारच्याच खुर्चीवर होती. एका साक्षीवर गोळी सुरू झाली. गोळीने ती बसल्या जागी पेंगते. पेंगताना दूध उतू जाते. उतू गेलेले दूध मी नितीनला कळवतो.

मागच्या महिन्यात दुपारी ती तूर निवडत होती. घरात आम्ही दोघेच. "अहो," ती म्हणाली, "मी कशाला उतरले होते हो तिथं?"

मी तिच्या आवाजात टोमणा शोधला. फार शोधला. नव्हता. ती खरोखरच विचारत होती.

"तुम्ही काहीतरी म्हणला होता, असं वाटतंय मला. भोंग्याचं काहीतरी. का उगंच वाटतंय?"

कोणते न्यायालय होते समोर? कोण ऐकणार होते? एक वाक्य पुरले असते.

"उगाच वाटतंय तुला," मी म्हणालो.

तिने मान हलवली. सूप बाजूला सारले, पदराला हात पुसले आणि तळवा माझ्यापुढे धरला. "मग गोळी द्या."

मी दिली. आजही दिली.