चिखल्याची चतुःसीमा

टिकाराम पेंटरला लोक कलावंत म्हणायला लागले ते फार उशिरा. आमच्या गावात तो दुकानांच्या पाट्या, भीमजयंतीचे फलक आणि ट्रॅक्टरच्या मागची नावं रंगवायचा. अक्षर वळणदार, शुद्धलेखन भयानक. मी मुख्याध्यापिका असताना शाळेच्या भिंतीवरचा एक सुविचार त्याच्याकडून तीनदा पुसून घेतला होता. चौथ्यांदा त्याने दुसराच, छोटा सुविचार लिहिला.

पण वर्षातून एक दिवस हा माणूस सगळ्या गावाचा मालक व्हायचा. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्या गावजत्रेत, दुपारी, दंडारीचा नाच-नाट्याचा खेळ सुरू होण्याआधी तो चिखल्या होऊन यायचा. चिखल्या म्हणजे देव नाही आणि भूतही नाही. धानाच्या रोवणीच्या चिखलातून उठलेला एक ढेरपोट्या, टिकारामचाच शोध. अंगाला पोतं, पोतं भरून खरा चिखल, डोक्यावर धानाच्या पेंढ्या, तोंडाला कागदाच्या लगद्याचा मुखवटा, एक गाल तंबाखूचा खर्रा कोंबल्यासारखा फुगलेला. चिखल्याने कोणालाही काहीही म्हणावं आणि ऐकणाऱ्याने हसावं, अशी रीतच पडली होती. सरपंचाने हातपंप स्वतःच्या अंगणात कसा बसवला, हे आम्हाला चिखल्याने सांगितलं. माझ्याबद्दल त्याने काय सांगितलं ते इथे लिहिण्याची गरज नाही.

२००३ साली चुन्नीलाल शेठने नागऱ्याच्या रस्त्यावर ‘आनंदलोक’ काढलं. राईस मिलचा माणूस. दोन घसरगुंड्या, एक कारंजं आणि हंसाच्या आकाराच्या चार नावा. लोक येऊन कारंज्याजवळ डबे खाऊन परत जायचे. मग शेठने मंडईत चिखल्या पाहिला, आणि पोरं त्याच्यामागे कशी धावतात तेही पाहिलं. दुसऱ्याच दिवशी टिकारामच्या दारात जीप. फाटकावर चिखल्याचा पुतळा, नावेवर चिखल्या, तिकिटावर चिखल्या. बदल्यात रंगीत टीव्ही, एक नवी सायकल आणि सगळ्या कुटुंबाला आनंदलोकचा जन्मभराचा पास. टिकाराम इतका हरखला की वाचायचं विसरला. मी तेव्हा नागपूरला बहिणीकडे होते, नाहीतर हे झालंच नसतं.

कागद लिहिला बकाराम अर्जनवीसाने. तहसीलबाहेरच्या झाडाखाली त्याची तीस वर्षं गेली, आणि त्या तीस वर्षांत त्याने शेताच्या विक्रीशिवाय दुसरं काही लिहिलं नव्हतं. चिखल्या कसा लिहायचा हे त्याला कुठून ठाऊक? त्याने शेतच लिहिलं. ‘सदरहू चिखल्या, त्यातील काडीकचरा, दगडमाती, झाडेझुडपे यांसह.’ आणि शेत म्हटलं की चतुःसीमा आलीच. पूर्वेला जिल्ह्याची हद्द, उत्तरेला नदी, दक्षिणेला रेल्वे, पश्चिमेला नहर, म्हणजे पाटाचा कालवा. एवढ्या चौकटीत चिखल्या शेठचा. चुन्नीलालने चारही दिशा ऐकल्या, समाधानाने मान हलवली आणि सही केली. जमिनीचा व्यवहार त्याला कळायचा.

दोन वर्षांनी विडीच्या तेंदूपत्त्याचा धंदा करणाऱ्या दुलीचंदने तिरोड्याच्या रस्त्यावर ‘मौजबाग’ काढली. त्याच्या फाटकावर एक बदक होतं, त्याला पाहून लहान पोरं रडायची. त्यालाही चिखल्या हवा झाला. त्याच्या वकिलाने तो कागद मिळवून वाचला आणि हसत सुटला. नहरेच्या पश्चिमेला चिखल्या अजून टिकारामचाच होता. पुन्हा बकाराम, पुन्हा तोच कागद, फक्त दिशा उलटी. टिकारामला या वेळी फ्रिज मिळाला. सुमनबाईने, त्याच्या बायकोने, त्यात कपडे ठेवले, कारण गावात वीज दिवसातून चार तास.

आता गंमत ऐका. आनंदलोकला वाढायचं होतं आणि मोकळी जमीन होती ती नहरेच्या पश्चिमेला. चुन्नीलालने ती घेतली, तिथे मोठा तलाव आणि मोठी घसरगुंडी बांधली, आणि जुन्या बागेतून नव्या बागेत जायला नहरेवर पूल टाकून छोटी रेल्वे सोडली. इंजिनाला तोंड चिखल्याचं. दुलीचंदने आपला मॅनेजर योगराज याला पुलाच्या पश्चिम टोकाला खुर्ची टाकून बसवला. चिखल्याने नहर ओलांडली की तो फोटो काढणार आणि वकिलाकडे देणार. मग शेठच्या माणसाने उपाय काढला. पुलाच्या मध्यावर गाडी थांबायची, एक जण उतरायचा, इंजिनाच्या तोंडावर पोतं घालायचा आणि गाडी पुढे जायची. परत येताना पोतं निघायचं. पोरांना सगळ्या बागेत तेवढंच आवडायचं. पूल आला की सगळा डबा ओरडायचा, “पोतं! पोतं!” तलाव रिकामा असायचा.

दुलीचंदचंही तसंच. त्याला पूर्वेकडे, डांबरी रस्त्यापर्यंत यायचं होतं, पण मध्ये नहर. मग त्याने आपल्या काठावर चाळीस फुटांचा चिखल्या उभा केला, तोंड तिरोड्याकडे आणि ढुंगण बरोबर आनंदलोकच्या फाटकासमोर. चुन्नीलालने आडोशाला निलगिरी लावली. निलगिरी वाढायला वेळ लागतो.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. २००७च्या मंडईआधी शेठची नोटीस आली. गाव नहरेच्या पूर्वेला, म्हणजे गावातला चिखल्या शेठचा. मंडईत तो निघणार नाही. ज्याला पाहायचा असेल त्याने आनंदलोकला तिकीट काढून यावं. तिथे शेठने गोंदियाचा एक बँडवाला पोतं घालून उभा केला होता. तो फक्त हात हलवायचा.

टिकाराम नोटीस घेऊन माझ्याकडे आला. मी आधी त्याला झापलं. तो मग म्हणाला, “बाई, टीव्ही ने म्हना, सायकल ने म्हना. पन मी मंडईत काऊन नाई जायाचं जी? वर्षभर मी दुसऱ्यायचे नाव लिवून रायतो. तो एकच दिवस माहा हाये.”

मी उठले आणि शेठकडे गेले. त्याने चहा पाजला आणि सांगितलं, “मास्तरीनबाई, बिकी हुई जमीन में बैल नहीं घुसता.” परत येऊन मी टिकारामकडचे दोन्ही कागद काढायला लावले आणि चष्मा पुसून दोनदा वाचले. मग शेजारी शेजारी ठेवले. एकात चिखल्या नहरेच्या पूर्वेला शेठचा, दुसऱ्यात नहरेच्या पश्चिमेला दुलीचंदचा. मी सुमनबाईला विचारलं, नहर कोणाची?

“कोनाचीच नाई,” ती म्हणाली. “आमी तिथं भांडे घासतो.”

धान निघालं की नहरेचं पाणी बंद होतं. तळाला गुडघाभर चिखल उरतो. मी नहरेच्या कचेरीत परवानगीचा अर्ज टाकला. उत्तर आलं नाही, ते मी होकार धरलं.

मंडईच्या दुपारी सगळं गाव पूर्वेच्या काठावर बसलं आणि पलीकडची दोन गावं पश्चिमेच्या. खबर लागल्यामुळे चुन्नीलाल आला, वकील घेऊन. समोर दुलीचंद आला, योगराज आणि त्याची खुर्ची घेऊन. टिकाराम मधोमध चिखलातून उठला. त्या दिवशी त्याला अंगाला चिखल लावायची गरजच पडली नाही. वकिलाने शेठच्या कानात काहीतरी सांगितलं, शेठने कागद उघडला, मिटला आणि खिशात घातला.

चिखल्या आधी दुलीचंदकडे वळला आणि त्या चाळीस फुटी पुतळ्याच्या ढुंगणाला नमस्कार करून म्हणाला, माह्यातलं तुले एवढंच आवडलं का? मग शेठकडे. “शेठ, माहं पोट घेतलं, गाल घेतला, काडीकचरा घेतला. जीभ कागदात लिवाची रायली जी.” आणि त्या जिभेने त्याने अर्धा तास काम केलं. मिलचा काटा, तेंदूपत्त्याच्या गड्ड्या, बँडवाल्याचा हलता हात, इंजिनावरचं पोतं, काही सोडलं नाही. दुलीचंद आधी शेठवरच्या गोष्टींना हसला, शेठ दुलीचंदवरच्या, आणि शेवटी दोघांना कोणत्या वेळी गप्प बसायचं हे कळेना. रीत होती, हसावं लागलं.

पुढच्याच आठवड्यात नहरेचा तळ भाड्याने मिळावा म्हणून दोघांचेही अर्ज कचेरीत गेले. कचेरीने प्रत्येकाकडे दुसऱ्याची ना-हरकत मागितली. फाइल तिथेच आहे. मग दोघांनीही टिकारामकडे माणसं पाठवली, की मधला पट्टा तू आम्हाला लिहून दे, काय हवं ते माग. तो दोन्ही वेळा माझ्याकडे आला आणि दोन्ही वेळा दारातूनच सांगून गेला, “नाई म्हनलो जी. नहर माही नाई, मी कशी लिवून देऊ?”

सुमनबाईला तेव्हा वॉशिंग मशीन हवं होतं. ती महिनाभर त्याच्याशी बोलली नाही.