दगडी पात्रातले पाणी

कुवेतमध्ये सुटी शुक्रवारी असते आणि रविवारी कार्यालये चालू असतात. म्हणून ख्रिस्ती मंडळींचीही मुख्य उपासना शुक्रवारी होते. शहरातल्या जुन्या इंग्रजी चर्चमध्ये दर शुक्रवारी ऑर्गन वाजवण्यासाठी माझ्या नातीला बोलावणे आले. तिला पियानो शिकवणाऱ्या बाईंनीच तिचे नाव सुचवले होते. त्या दिवसापासून आमच्या घरात नीट बोलणे उरले नाही.

सबाह अल-सालेम या वस्तीतल्या या घरात मी मुलीकडे राहतो आणि माझे व्याही आपल्या मुलाकडे. घर एकच, पण हा भेद ते मला विसरू देत नाहीत. पत्नीच्या पश्चात मुलीने मला इथे आणले आणि देवघर माझ्या हाती सोपवले. या घरात माझे म्हणावे असे तेवढेच होते, आणि व्याह्यांना नेमके तेच सलत असे. नातीच्या बाबतीत मात्र शब्द त्यांचा, कारण आमचे जावई वडिलांपुढे तोंड उघडत नाहीत. जागा पाहून मग सांगतो, असे म्हणून व्याही निघाले आणि मलाही त्यांनी बरोबर घेतले. उत्तर त्यांनी घरूनच ठरवून आणले होते. गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. मधे नात होती, मांडीवर दोन्ही हात घट्ट धरून.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने आमचे बताके, म्हणजे ओळखपत्रे, मागून घेतली आणि माझ्या कपाळावरच्या गंधाकडे बराच वेळ पाहिले. आत शिरताच उन्हाने डोळे दिपले. भोवती काचेचे उंच मनोरे आणि मधोमध ती बसकी वास्तू: उतरते छप्पर, टोकदार कमान, समुद्राच्या वाऱ्याने पापुद्रे सुटलेल्या भिंती. मागच्या अंगणात काही जुनी थडगी होती. व्याही नाकाला रुमाल लावून दूर थांबले आणि परतल्यावर स्नान केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू नका, असे त्यांनी मला तिथूनच बजावले. मी थडग्यांपाशी गेलो. एका शिळेवर माता आणि तिचे तान्हे मूल यांची नावे एकाखाली एक कोरलेली होती. खालची ओळ खाऱ्या वाऱ्याने पुसली होती. परक्या मातीत विसावलेल्या त्या दोघांसाठी मी मनात शांतिमंत्र म्हटला. व्याह्यांना माझे हलणारे ओठ दिसले असावेत.

चर्चच्या दाराशी मी चपला काढल्या. तिथला सेवक काहीतरी पुटपुटला. इथे पादत्राणे काढत नाहीत, असे नातीने सांगितले. मी तरीही अनवाणीच गेलो. आत गारवा होता, मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. रंगीत काचांतून लाल-निळा प्रकाश बाकांवर पडला होता. प्रवेशापाशीच एक दगडी पात्र होते, त्याचे लाकडी झाकण बाजूला ठेवलेले आणि आत स्वच्छ पाणी. दाराशी पाणी ठेवलेले पाहून माझा उजवा हात जन्माच्या सवयीने पुढे झाला. मी तळहातावर थोडे घेतले, प्राशन केले आणि ओला हात मस्तकावरून फिरवला.

"इट्स नॉट फॉर ड्रिंकिंग, आजोबा," नात म्हणाली. पण तोवर उशीर झाला होता.

सेवक धावत आला. एका बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी ते पाणी भरले होते. त्याने आम्हाला जवळजवळ ढकलतच बाहेर आणले. मी हात जोडून क्षमा मागितली. त्याने मान फिरवली. दारातून सारे पाहणाऱ्या व्याह्यांच्या चेहऱ्यावर मात्र गेल्या कित्येक महिन्यांत मी पाहिले नव्हते असे समाधान होते.

"तीर्थ घेतलंत, व्याहीबुवा? मग जानवंही त्यांच्याकडेच ठेवून यायचं होतं."

घरी पोचेपर्यंत त्यांचा निकाल तयार झाला. बाटलेल्या माणसाने देवाला हात लावायचा नाही. प्रायश्चित्तासाठी पंचगव्य हवे, आणि इथे गोमूत्र कुठल्या सुपरमार्केटात मिळते ते मी शोधावे. आणि जिथे आजोबा एका फेरीत बाटतात, तिथे पोरीला दर शुक्रवारी पाठवायचे कसे? नात आपल्या खोलीत निघून गेली. दार आपटले नाही, हे मला अधिक लागले.

अजाणता घेतलेल्या पाण्याला शास्त्रात किती सौम्य परिहार आहे, ते मला मुखोद्गत आहे. मी चार वचने म्हटली असती तर व्याही निरुत्तर झाले असते, आणि त्या पराभवाचा सूड त्यांनी पोरीवर उगवला असता. म्हणून मी देवघराची किल्ली त्यांच्यापुढे ठेवली.

"पूजा उद्यापासून तुम्ही करा. मी शिवणार नाही. पण पोरगी शुक्रवारी जाईल."

त्यांनी किल्लीकडे पाहिले, मग शेजारी उभ्या आपल्या मुलाकडे. "जाऊ दे," ते म्हणाले. "तशीही तुमच्याच वळणावर गेलीय."

आता रोज सकाळी ते सोवळे नेसून बसतात. माझे जेवणाचे ताट त्यांनी वेगळे करायला लावले आहे. ते घंटा फार जोरात वाजवतात, पुरुषसूक्ताच्या ऋचा गाळतात आणि गॅलरीतल्या कुंडीतली तुळस गणपतीला वाहतात, जी त्याला नित्यपूजेत वाहत नाहीत. मी दाराबाहेर उभा राहून ते पाहतो. मी टोकावे, याची ते वाट पाहतात. मी हात जोडतो आणि शुक्रवार असला तर चपला शोधू लागतो. नात जिन्यात वाट पाहत उभी असते.