बावटेवाल्याची वाट

मालवणच्या बाजारात, बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत, एक इंटरनेट कॅफे होता. दोन हजार सात-आठच्या सुमारास मी तिथे कामाला होते. मालकांना सगळे भाई म्हणत, मीही म्हणे. दुपारी जेवायला घरी जाताना ते शटर अर्ध्यावर ओढत आणि उरलेला कॅफे माझ्या हवाली करत. गिऱ्हाईक नसे. शटरखालून ऊन आत येई, सुकत घातलेल्या मासळीचा वास येई आणि पंखा इतका हळू फिरे की त्याच्याकडे बघता बघता डोळा लागे. अर्धवट झोपेत समुद्राचा आवाज जवळ आल्यासारखा वाटे. त्या दुपारी मला अजून स्वप्नात दिसतात, आणि स्वप्नात पंखा नेमका तसाच फिरत असतो.

कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर मात्र माझ्यासाठी चालू असे. भाईंनी ती मुभा दिली होती, कारण माझं काय अडलं होतं ते त्यांना ठाऊक होतं.

माझे वडील रापणीचे मानकरी. किनाऱ्यावरून ओढायचं ते मोठं जाळं हंगामात पहिल्यांदा पाण्यात पडायचं तेव्हा देवाला गाऱ्हाणं तेच घालायचे. ते एकेक मागणं मागत आणि भोवती उभे असलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत. मी दहावीत असताना ते तापाने गेले. सुट्टीवर आलेल्या कुणीतरी त्यांचं गाऱ्हाणं टेप केलं होतं, त्याची एक कॅसेट आमच्याकडे होती. एका पावसाळ्यात तिला बुरशी धरली आणि आवाज गेला. आई मात्र ती कॅसेट फेकायला हात लावू देईना.

मग कॅफेत मला इंटरनेटवरचं एक जाळं सापडलं. मुंबईतले, आखातातले, बोटीवरचे आपल्याकडचे लोक दशावतार, भजनं, गाऱ्हाणी एकमेकांना देत. दुकान असं कुठे नव्हतंच. प्रत्येकाने आपल्याजवळची फाईल आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवायची आणि मागेल त्याला तुकड्या-तुकड्याने द्यायची. त्यासाठी एक सॉफ्टवेअर लागे. समोरच्याचं नाव दिसत नसे, फक्त तो कुठलं सॉफ्टवेअर वापरतो ते आणि तो ज्या देशात असेल तिथला चिमुकला झेंडा दिसे. तिथल्या फाईलींच्या यादीत एके दिवशी माझ्या वडिलांचं गाऱ्हाणं दिसलं. कुणी टाकलं ते कधी कळलं नाही. पूर्ण फाईल एकाच माणसाकडे होती आणि त्याचं सॉफ्टवेअर फार जुनं होतं.

त्याचा झेंडा बदलत राही. कधी कुवेत, कधी सिंगापूर, मग कितीतरी दिवस काहीच नाही. बोटीवरचा माणूस असणार हे मी ताडलं. बंदराला लागला की तो थोडा वेळ उगवे, चार तुकडे देई आणि नाहीसा होई. आई मासळी विकून परतताना रिकामी पाटी घेऊन कॅफेच्या दारात थांबे.

“आज बावटो खंयचो?” ती झेंड्याकडे बोट करून विचारी.

एकदा तांबडा-पांढरा झेंडा बघून ती घाबरली. आमच्या बंदरावर बावटा चढतो तो वादळाचा.

“वादळ आसा काय गो थंय? तेका सांग, दर्यात जाव नको.”

मी हसले. “आये, तो देशाचो बावटो.” तिला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या तिने तो सुखरूप आहे ना, हे आधी विचारलं. मला ती त्या क्षणी फार आवडली.

फाईल जवळजवळ पूर्ण झाली होती, फक्त शेवट यायचा होता. तेवढ्यात जाळं सांभाळणाऱ्या मुंबईच्या गृहस्थांनी चर्चेच्या फळ्यावर जाहीर केलं, की जुनं सॉफ्टवेअर कोण किती देतो-घेतो ते चुकीचं सांगतं, म्हणून रविवारपासून ते बंद. आपण एका दुपारी मोजणी केली आहे, ते वापरणारं कुणी उरलेलंच नाही, असंही त्यांनी लिहिलं. मला असा राग आला की भाईंच्या कीबोर्डवरची धूळ उडाली.

“तुमी दुपारचे मोजतास,” मी लिहिलं. “बोटीरचो माणूस बंदरात इल्याशिवाय दिसाचो कसो?”

वाद पेटला. मस्कतच्या एकाने म्हटलं, डोकी मोजणंच चूक, कोण किती देतो ते मोजा. दुसरा म्हणाला, ज्याच्याकडे असं काही आहे जे आणखी कुणाकडे नाही, त्याला शंभर माणसांच्या बरोबरीचा धरा. एकाने तर मोजणीच थांबवा आणि नारळ फोडा असं सुचवलं. मी रापणीतल्या मासळीच्या वाट्याची आठवण करून दिली.

“रापणीत दोरयेक हात लागलो काय वाटो गावता. कोणी किती ओढल्यान ता कोण मोजणा नाय.”

गृहस्थांचं उत्तर लगेच आलं. “किनाऱ्यार माणूस डोळ्यांनी दिसता. हयसर जो दिसणा नाय, तेका वाटो कसलो?”

माणूस वाईट नव्हता, रोज उठून आमचं जाळं शिवत बसणारा होता. पण ते गाऱ्हाणं कुणाचं आणि आम्ही कशाची वाट बघतोय हे त्याला मला सांगता आलं नाही. वडिलांचं नाव त्या फळ्यावर लिहायला हात धजेना.

शनिवारी दुपारी मी डोळे मिटून बसले होते. लाईट कधी जाईल याचा भरवसा नव्हता, भाईंनी बोटीवरची बॅटरी आणून जोडून ठेवली होती. डोळे उघडले तर यादीत झेंडा. कुठला ते आज आठवत नाही, निळा होता एवढं आठवतं. तुकडे थेंबाथेंबाने यायला लागले. लाईट गेली, पंखा थांबला, बॅटरीवर कॉम्प्युटर चालू राहिला. आई पाटी दारात ठेवून माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली. फाईल पूर्ण झाली आणि मी ती सुरू केली.

वडील आले. खोकून, घसा साफ करून, अगदी घरच्यासारखे. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एकेक मागणं होत गेलं, लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणत गेले, मागे लाटा होत्या. मग तो भाग आला, जो आमच्याकडे इतके दिवस नव्हता.

“आज हयसर जे उभे आसत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि जे हयसर नाय, दर्यार आसत, परमुलखात आसत, तेंकाय सुखरूप घराक हाड रे म्हाराजा.”

इथे टेप संपली होती. लोकांचं उत्तर आलंच नाही. नुसती खरखर झाली आणि थांबली. आईने पदर तोंडाला लावला आणि पाटी उचलून घरी गेली.

रविवारी नियम लागू झाला. गृहस्थांनी नवी मोजणी फळ्यावर लावली, जुन्या सॉफ्टवेअरच्या पुढे शून्य होतं. नवं सॉफ्टवेअर घालून तो परत येईल म्हणून मी रोज बघत राहिले. यादीत वडिलांच्या गाऱ्हाण्यापुढे माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

थोड्या दिवसांनी आई पुन्हा दारात थांबली.

“बावटो खंयचो आज?”

“आता तो दिसाचो नाय, आये. तेची वाट बंद केल्यानी.”

ती आत आली, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. त्या खुर्चीवर ती पहिल्यांदाच बसली होती.

“शेवटचा तेवढा परत लाव.”

मी लावलं. वडिलांनी मागणं मागितलं, दर्यावर असलेल्यांना, परमुलखात असलेल्यांना घरी आणायचं. टेप संपली, खरखर सुरू झाली. आईने हात जोडले आणि रिकाम्या कॅफेत, किनाऱ्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “व्हय म्हाराजा.”