अलीकडचा सदरा, पलीकडचा सदरा

माझ्या नोकरीतली ती शेवटची निवडणूक. आमच्याच शाळेच्या तिसरीच्या वर्गात मतदान केंद्र होतं आणि मी मतदारयादी पुढ्यात घेऊन मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे मुडपून बसले होते. सकाळी साडेसातला एक गृहस्थ आले. अंगातला सदरा असा चुरगळलेला, की रात्रभर कोणी बोळा करून उशीखाली ठेवला असावा. त्यांचं नाव काही यादीत सापडेना.

"बाई, नीट बघा. समोरच्या गल्लीत दुकान आहे माझं. तीस वर्षं."

"राहता कुठे?"

"दुकानासमोर. गल्ली ओलांडली की घर."

"मग तुमचं नाव पलीकडच्या मतदारसंघात. यंदा हद्द बदललीय. माणूस राहतो तिथं त्याचं मत."

त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे दिवसभर जागा असतो तिथं मला मत नाही. झोपतो तिथं आहे."

रांगेतून कोणीतरी म्हणालं, "काका, झोपेतच द्यायचं असतं ते. चला, सरका पुढे."

ते हसले, मला नमस्कार केला आणि पलीकडचं केंद्र शोधायला निघून गेले. शेजारच्या मास्तरांनी सांगितलं, "ओळखलं नाहीत? घडीकाका. इस्त्रीवाले." गावभरच्या कपड्यांना कडक इस्त्री करणाऱ्या माणसाची ती चुरगळलेली पाठ माझ्या चांगली लक्षात राहिली. पुढे त्यांच्या बायकोनं, म्हणजे घडीकाकूंनी, मला त्याचा खुलासा केला. "बेचाळीस सदरे झाले की यांचा हात उचलत नाही. आणि त्रेचाळिसावा नेहमी यांचाच असतो."

निवृत्त झाल्यावर मी त्याच गल्लीच्या टोकाला राहायला आले आणि काकांचं दुकान रोज पाहू लागले. दहा बाय आठची खोली, एक लांब टेबल, त्यावर जळक्या डागांची घोंगडी, आणि भिंतीवर खिळे. काकांची एक पद्धत होती. इस्त्रीआधी प्रत्येक खिसा तपासायचा. जे निघेल ते, तिकीट असो, बटण असो की औषधाची चिठ्ठी, सेफ्टी पिनेनं त्या कपड्याच्या नंबरासोबत खिळ्याला लावायचं आणि इस्त्री झाली की त्याच खिशात परत. एकदा माझ्या साडीच्या पदराला गाठ मारून ठेवलेली वेलची त्यांनी कागदात गुंडाळून परत केली होती.

गल्लीच्या मधोमध एक जुनं उघडं गटार होतं, आणि हद्द आखणाऱ्या साहेबांनी आपली रेघ नेमकी त्या गटारावरून ओढली होती. दुकान अलीकडच्या आमदारांकडे, घर पलीकडच्या आमदारांकडे, गटार कोणाकडेच नाही. जोराचा पाऊस झाला की ते काळं पाणी आधी दुकानात शिरे. दोन वर्षांत तीनदा गिऱ्हाइकांचे कपडे नासले. तिसऱ्या वेळी एका नवरीचा शालू होता. जागेचे मालक म्हणाले, "काका, भिंतींना ओल धरलीय. आणखी एकदा पाणी शिरलं तर मी दुकानाला टाळं लावणार. वाईट वाटून घेऊ नका." काका म्हणाले, नाही घेत. पण त्या दिवशी त्यांनी एकाच सदऱ्याला दोनदा इस्त्री केली.

मग ते अर्ज घेऊन दोन्ही आमदारांच्या कार्यालयात गेले. अर्ज मीच लिहून दिला होता. अलीकडचे सचिव म्हणाले, "तुम्ही आमचे मतदार नाही." पलीकडचे सचिव म्हणाले, "दुकान आमच्या हद्दीत नाही." दोघांनीही चहा मात्र पाजला. काकू म्हणाल्या, "दोन कप चहा झाला. गटाराचं पाणी काढायचं सोडून आणखी भर घालून आलात."

पुढची निवडणूक आली. खरी गंमत ही, की दोन्ही आमदारांचे कपडे काकांकडेच इस्त्रीला येत. सबंध गावात तशी कडक घडी दुसरं कोणी घालत नसे, आणि कडकपणाच्या बाबतीत दोन्ही आमदारांचं एकमत होतं. प्रचारात रोज दोन सदरे मळत. सचिव सकाळी गाडी घेऊन यायचे, धुतलेले इस्त्रीला टाकायचे, कालचे घेऊन जायचे. प्रत्येक सदऱ्याच्या खिशात सचिवांनीच ठेवलेला एक घडी घातलेला कागद असे, त्यावर भाषण. अलीकडच्या सचिवांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "काका, कागद आठवणीनं परत खिशात घाला. नाहीतर साहेब सभेत उभे राहतील आणि नमस्काराच्या पुढे जाणार नाहीत."

"रोज तेच भाषण?"

"रोज वेगळं करून कसं चालेल? साहेबांना ते अजून पाठ व्हायचंय."

तिसऱ्या आठवड्यात काकांच्या हातून, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा, चूक झाली. मालकांनी त्या सकाळी दाराशी उभं राहून आभाळाकडे पाहिलं होतं, त्यानं त्यांचं लक्ष उडालं. दोन्ही सदरे पोचते झाल्यावर खिळ्यावरचे नंबर पाहून त्यांच्या ध्यानात आलं. अलीकडचं भाषण पलीकडच्या खिशात गेलं होतं, पलीकडचं अलीकडच्या.

संध्याकाळी ते मला घेऊन अलीकडच्या सभेला गेले. एकट्याला जायचा धीर नव्हता. आमदार उठले, कागद काढला, चष्मा लावला आणि म्हणाले, "गेल्या पाच वर्षांत मी तुम्हाला नवं बसस्थानक दिलं." बसस्थानक पलीकडच्या मतदारसंघात आहे. टाळ्या पडल्या. मग त्यांनी न बांधलेल्या वाचनालयाचा अभिमान बाळगला, पलीकडच्याच एका शाळेतल्या मुलींचं कौतुक केलं आणि शेवटी म्हणाले, "शेजारच्या मतदारसंघासारखा खोटारडा कारभार आपल्याला नको." सगळ्यात जास्त टाळ्या त्याला. सचिव पहिल्या रांगेत मान डोलवत होते. पलीकडे काय झालं ते काकू ऐकून आल्या. तिथल्या आमदारांनी अलीकडचं रुग्णालय आपल्या नावावर करून घेतलं होतं, आणि तिथल्या लोकांना ते आवडलंही होतं.

"कोणाच्याच लक्षात आलं नाही?" काकांचा विश्वास बसेना.

"अहो, जो लिहितो तो ऐकत नाही, जो वाचतो त्याला कळत नाही, आणि जे ऐकतात ते मंडपात पंखा आहे म्हणून येतात," काकू म्हणाल्या. "आता डोकं चालवा. खिशात असेल ते वाचतात ना? मग आपलं घाला."

काकांनी दोन दिवस विचार केला. खिशातलं कधी काही ठेवून घ्यायचं नाही हे त्यांचं व्रत होतं. खिशात घालायचं की नाही याचा नियम त्यांनी केलाच नव्हता. तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे दोन्ही भाषणं आणि दोन कोरे कागद घेऊन आले.

"बाई, भाषण जसंच्या तसं उतरवा. फक्त शेवटी एक वाक्य जास्त."

मी लिहिलं, "या इस्त्रीवाल्या गल्लीत साठ दिवसांत नवं गटार बांधून देईन."

काकांनी ते वाचलं आणि त्यांना अवघडल्यासारखं झालं. "त्यात 'माझ्या हद्दीपुरतं' एवढं घाला. दुसऱ्याच्या हद्दीतलं वचन द्यायला लावणं बरं दिसत नाही. माणूस खोटा पडेल."

असा हा माणूस. फसवायला निघाला तोही समोरच्याची अब्रू सांभाळून. मी 'माझ्या हद्दीपुरतं' घातलं. त्या दोन शब्दांनी काय होणार होतं ते मला कळायला हवं होतं. जन्मभर मुलांची वाक्यं तपासली मी.

दोघांनीही वाक्य खणखणीत वाचलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन्ही बातम्या शेजारी शेजारी. अलीकडच्यांना वाटलं, पलीकडच्यांचा या गल्लीवर डोळा आहे. पलीकडच्यांना वाटलं, अलीकडच्यांचा. मग दोघांनीही उरलेल्या प्रत्येक सभेत गटारावर आवाज चढवला. अलीकडच्या सचिवांना तर हे वाक्य सुचल्याबद्दल शाबासकी मिळाली आणि त्यांनी ती नम्रपणे घेतली.

दोघेही निवडून आले आणि दोघांनीही शब्द पाळला, हीच पंचाईत. पन्नासाव्या दिवशी अलीकडच्या भिंतीलगत एक गटार तयार, छपन्नाव्या दिवशी पलीकडच्या भिंतीलगत दुसरं. दोन्ही पक्की, झाकणांची, एकमेकांना कुठेही न भेटणारी. मधलं जुनं गटार बुजवून त्याचा एक उंचवटा झाला. दोन उद्घाटनं झाली, दोन फिती कापल्या. अलीकडच्या कार्यक्रमात काकांना खुर्ची नव्हती, कारण ते मतदार नव्हते. पलीकडच्यातही नव्हती, कारण दुकान तिकडे नव्हतं. ते दोन्ही वेळा काऊंटरमागे उभं राहून सदरे करत होते, कारण फीत कापायला कडक सदरा लागतो.

दोन गटारं आणि मधला उंचवटा यांनी गल्ली इतकी अरुंद झाली, की आता तिच्यात गाडी शिरत नाही. उद्घाटनालासुद्धा आमदार उंचवट्यावरून अंग चोरत चालत आले. काकू दारातून म्हणाल्या, "पाच वर्षांत पहिल्यांदा पाय वापरले बघा यांनी."

त्या वर्षी तीन दिवस सलग पाऊस कोसळला. जागेचे मालक छत्री घेऊन दुकानाच्या उंबऱ्याशी तासभर उभे राहिले. पाणी झाकणांखालून खळाळत गेलं, आत थेंब आला नाही. मालक घरी गेले. काकांनी त्या तासात दहा सदरे केले.

त्यांनी हे गुपित कोणाला सांगितलं नाही. पुढच्या प्रचारात भाषणांना हात लावला नाही; मी विचारलं, तर म्हणाले, "आता काही अडलेलं नाही, बाई. उगाच कशाला दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा?"

काका आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. दुकान चालू आहे. सचिवांच्या गाड्या आत येत नाहीत, म्हणून दोन्ही आमदारांचे सदरे ते रोज सकाळी दोन हातांवर घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत चालत नेऊन देतात.