मागच्या सीटवरची चादर

माझ्या आईला तिच्या बहिणीला भेटायला जायचं होतं. बास, एवढंच. सोलापूरहून करमाळा, जाऊन यायला एक दिवस. तेवढंही आमच्याच्यानं झालं नाही, आणि का झालं नाही ते मी अजून कुणाला धड सांगितलेलं नाही. आज सांगते, सलग सांगते, मध्ये थांबले तर परत सांगणं व्हायचं नाही.

मावशी आईपेक्षा बरीच मोठी. आई पाळण्यात होती तेव्हाच त्यांची आई गेली आणि बारा-तेरा वर्षांच्या मावशीनं तिला वाढवलं. कडेवर घेऊन शाळेत जायची म्हणे. पोरगी रडली की गुरुजी बाहेर काढायचे, मग दोघी शाळेच्या मागं बसून राहायच्या. आई तिला आक्का म्हणते, पण ती हाक ऐकली की आईलाच हाक मारतीय असं वाटतं.

या सगळ्याच्या दोन वर्षं आधी मावशीच्या डाव्या अंगावरनं वारं गेलं. तेव्हापासून ती खाटेवर, करमाळ्याजवळच्या तिच्या गावात. आणि त्याच वर्षी आईच्या मणक्याचं दुखणं निघालं. डॉक्टरनी सांगितलं, एसटी बंद, धक्के बंद, लांब जायचंच असेल तर गाडीत मागच्या सीटवर आडवं होऊन जा. झालं! एक बहीण तिकडं आडवी, एक इकडं सोलापूरजवळ आमच्या कुंभारीत आडवी, आणि दोघींच्या मध्ये मोबाईल. मावशीची सून, म्हणजे माझी वहिनी, फोन धरायची. मावशीचा शब्द जड यायचा.

"कवा यीतीस गं?"

"यीते की आक्का."

"यीते यीते म्हनतीस नुसती. मी काय हितं सप्त्याला बसलीय व्हय, हलनार न्हाय म्हनून?"

मग दोघी हसायच्या. फोन ठेवला की आई भिंतीकडं तोंड करून पडायची.

एकदा अशीच ती पडल्या पडल्या पप्पांना म्हणाली, "अहो, भाड्याची गाडी करूया का एक दिवस?"

पप्पा तयारच होते. नको म्हणाले मी.

कारण माझं लायसन्स तेव्हा नुकतंच आलेलं होतं आणि पप्पांनी सेकंडहँड गाडी घ्यायचं कबूल केलं होतं. मी हवेत होते! दिवसभर मोबाईलवर गाड्याच बघत होते, मैत्रिणींना फोटो पाठवून डोकं खात होते. मी म्हणाले, "आगं आई, दहा-पंधरा दिवसांत आपली येतीय की! मी स्वतः चालवत नेते तुला. मावशीच्या दारात आपली गाडी उभी करू. थांब की जरा."

आई थांबली.

आता पप्पांचं सांगते. पप्पा एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात चेकिंगला आहेत. मागावरनं उतरलेली प्रत्येक चादर त्यांच्या टेबलावर येते. ते तिच्यावरनं हात फिरवतात आणि चूक सापडली की तिथं खडूनं खूण करतात. आडवा धागा तुटलेला, कुठं उभा धागाच सुटलेला, काही असो. डोळे मिटून सापडवतात, मी बघितलंय. आणि त्यांचा एक नियम आहे, आधी उलटी बाजू बघायची. "सुलटी बाजू समदेच बघत्यात, चूक उलट्या बाजूला बसलेली असती," असं नवीन पोरांना शिकवतात. घरी पण तेच. लग्नात आहेराचा टॉवेल मिळाला की भर मांडवात उलटा करून बघणार. आई कोपरानं ढोसायची, "आवो, लोकं बघायलीत!"

तर असा माणूस गाडी बघायला माझ्याबरोबर शुक्रवार पेठेत आला.

गाडी चांदीच्या रंगाची, चकाचक. विकणारे गृहस्थ गोड बोलणारे, शर्ट इन केलेला, आल्या आल्या चहा. मला म्हणाले, "ताई चालवनार व्हय? मग तर गाडीचं नशीबच उघडलं." मी एवढ्यावर विरघळले. व्हिडिओ काढायला लागले, बॉनेट, चाकं, आरसे, मी आरशात.

पप्पांनी मागचं दार उघडलं आणि तिथंच थांबले. मागच्या सीटवर सोलापुरी चादर अंथरलेली होती. जुनी, लाल-पांढरी, मोराच्या नक्षीची. पायाखालीसुद्धा तसलीच एक घडी करून टाकलेली.

"ही कुटनं आनली?" पप्पांचा आवाजच बदलला.

"वडलांच्या वेळची हाय काका. जपून ठिवलीय."

"ही नक्षी आता कोन काढत न्हाय. मी कामाला लागलो तवा आमच्याकडं हीच चालायची." पप्पा सीटवर वाकून हात फिरवत होते. "मऊ बघ कशी झालीय. हात लाव. लाव की!"

मी हात लावला. आत डांबरगोळ्यांचा वास भरून राहिला होता. आमच्या घरात डांबरगोळ्या म्हणजे पेटीत घडी घालून जपलेलं कापड. आम्हा दोघांनाही तो वास चांगलाच वाटला. पंधरा मिनिटं पप्पा आणि ते गृहस्थ चादरीवरच बोलत होते. इंजिनाकडं पप्पांनी बघितलं ते देवळात गेल्यावर बघतात तसं, लांबून, हात जोडल्यासारखं.

मी बाजूला घेऊन म्हणाले, "पप्पा, आपल्या गॅरेजवाल्या चाचांना एकदा दाखवू या का?"

"ज्यानं चादर एवढी जपली त्यानं गाडी जपली नसंल व्हय? कापडावरनं मानूस कळतंय गं."

खरं सांगू? मलाही हेच ऐकायचं होतं. मी परत विचारलं नाही.

गाडी दारात आली. आईनं हळूहळू उठून बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, झेंडूचा हार, नारळ, पेढे, सगळं. सगळी गल्ली गोळा झाली. मी लिंबं चिरडत गाडी पुढं घेतली आणि बंद पाडली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पायलट नवीन हाय, बेल्ट बांधा रे समद्यांनी!" आई एवढी हसली की पाठ धरून तिला खाली बसावं लागलं. चादर पप्पांनी तशीच ठेवली. तुझ्या आईला पडायला मऊ हाय, म्हणाले. ती कुणीच उचलली नाही.

मग माझ्या सरावात आठवडा गेला. त्या आठवड्यात गाडीनं रंग दाखवायला सुरुवात केली होती, आम्हीच हसत बसलो. कडक उन्हात आपोआप वायपर चालू व्हायचे. काच एकटीच खाली जायची. एकदा हॉर्न अडकला आणि मी सगळ्या कुंभारीतनं वरातीसारखी वाजत गेले. आई म्हणाली, "आक्कासारखीच हाय, गप बसवंना तिला." मी मावशीला व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवायला गेले तर तिनं तोंडच फिरवलं. "मोबाईलात नगं. दारात आन."

रविवारी निघालो. आईनं आदल्या दिवशी बसल्या बसल्या शेंगाचटणी कुटून घेतली, कडक भाकरी बांधल्या. पप्पांनी मावशीसाठी कारखान्यातनं एक नवी चादर आणली, स्वतः निवडलेली. आई मागं आडवी झाली, उशी, पाण्याची बाटली, आणि गाडी सुरू झाल्यावर पडल्या पडल्या तिनं वहिनीला फोन लावला, "निगालो गं. आक्काची वेनी घाल."

मोहोळ गेलं. मी ऐंशीच्या पुढं जात नव्हते, पप्पा काचेतनं मागं जाणाऱ्या गाड्यांकडं अभिमानानं बघत होते, आणि मागं गेलेल्या गाड्या म्हणजे उसाचे ट्रॅक्टर होते. टेंभुर्णीच्या अलीकडं समोरचे सगळे दिवे एकदम लागले. लाल, पिवळे, सगळे. करपल्याचा वास आला आणि स्टेअरिंग दगड झालं. कशीबशी कडेला घेतली. परत चालू झालीच नाही.

एका बाभळीच्या सावलीत आईला सतरंजीवर झोपवलं. ट्रक गेला की जमीन हलायची आणि ती डोळे मिटून घ्यायची. तासाभरानं जवळच्या ढाब्यावरचा एक जण येऊन बॉनेटात बघून गेला. म्हणाला, "ही हितं हुनार न्हाय, टोचन लावून सोलापूरला न्या." आणि स्वतःहूनच म्हणाला, "माझ्या भावाची गाडी हाय, बाईंना करमाळ्याला सोडू का?"

आईनं मान वर केली. माझ्याकडं बघितलं, पप्पांकडं नाही, माझ्याकडं.

आणि मी काय म्हणाले ते ऐका. मी म्हणाले, "पुढच्या रविवारी आपल्याच गाडीनं जाऊ की गं. मावशीला गाडी दाखवायचीय ना. एवढं आलोय आणि भाड्याच्या गाडीनं?" रडायला आलेलं होतं मला. मावशीसमोर गाडीतनं उतरायचं मी इतक्या वेळा मनात करून बघितलं होतं, की दुसऱ्याच्या गाडीतनं उतरणं मला हरल्यासारखं वाटत होतं.

आई म्हणाली, "बरं." मावशीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. मावशी म्हणाली, "नवी हाय, रुसली आसंल. या सावकाश. मी कुटं जातीय."

सोमवारी गॅरेजात चाचांनी पहिलं काम काय केलं असेल, तर मागची चादर ओढून बाजूला टाकली. मग खालची. मग गालिचा उचकटला. खाली वाळलेला गाळ होता. नुसती माती नाही, थर, भेगा पडलेला. त्यात एक गोगलगायीचा शंख, एवढासा, पांढरा. सीटचे पाय गंजून पापुद्रे सुटलेले.

"बेटी, ये पूरी पानी में डूबी सो गाडी है," चाचा म्हणाले. "वायरिंग अंदर से सड गई. लेने के पैले मेरेकू दिखाना था ना."

 पप्पांनी खाली पडलेली चादर उचलली, झटकली आणि उलटी केली. उलट्या बाजूला कडेकडेनं एक तपकिरी रेघ गेलेली होती, पाणी जिथपर्यंत चढलं होतं तिथपर्यंत. सुलट्या बाजूला लाल रंगात ती दिसत नव्हती. पप्पा त्या रेघेवरनं बोट फिरवत राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग खिशात हात घातला. खिशात कायम खडू असतो त्यांच्या. काढला, बघितला आणि परत ठेवला.

शुक्रवार पेठेत गेलो तर ते गृहस्थ दारातच उभे राहिले, चहा नव्हता. "काका, मी काय लपवलं? चादर तर तुमीच हातात धरून बसला होता. उचलायची होती की."

पप्पांनी मान हलवली. म्हणजे, हो, बरोबर आहे, अशी! मी ओरडणार होते, त्यांनी माझा हात धरला. आम्ही चालत नव्या पेठेपर्यंत आलो, पप्पा सगळा वेळ एकच म्हणत होते, "उलटी करून बघितली न्हाय मी. उलटी करून बघितली न्हाय."

गुरुवारी सकाळी वहिनीचा फोन आला. तिनं व्हिडिओ कॉल केला नव्हता, साधाच फोन होता. त्यावरनंच आईला कळलं.

भाड्याची गाडी यायला किती वेळ लागला माहितीय? पप्पांनी एक फोन केला आणि आई साडी बदलून होईपर्यंत गाडी दारात उभी होती. एक फोन. दोन वर्षं मावशी एका फोनच्या अंतरावर होती.

सगळे आईसाठी थांबले होते. मावशीच्या अंगणात शिरलो तर कडुलिंबाखाली एक चौकोन झाडून, सडा घालून ठेवलेला. ड्रायव्हर खूश झाला, "हितं सावली बरी हाय," म्हणून त्यानं गाडी तिथंच लावली. वहिनी माझ्या गळ्यात पडून रडत म्हणाली, "कडब्याची गंज हलवायला लावली ओ त्यांनी. तुमची गाडी उनात तापंल म्हनायच्या. रोज इचारायच्या, जागा झाडली का, कुनी सरपान तर टाकलं न्हाय न्हवं." मी त्या गाडीकडं बघत होते. पांढरी, कुणाची तरी.

आईनं मावशीची वेणी बघितली. रविवारचीच होती म्हणे, मावशीनं सोडू दिली नव्हती.

शेवटचं वस्त्र माहेरचं लागतं, आणि माहेरचं म्हणून आईशिवाय कुणीच उरलेलं नव्हतं. पप्पांनी ती नवी चादर पिशवीतनं काढली. अंगावर घालायच्या आधी त्यांनी ती उलटी केली आणि सगळ्या गावासमोर उभ्या उभ्या तिच्यावरनं हात फिरवायला लागले. हळू, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. एक म्हातारे म्हणाले, "पाव्हनं, आवरा, ऊन व्हायलंय." पप्पा थांबले नाहीत. सगळी बघितली, मग सुलटी केली, आणि मावशीला गळ्यापर्यंत पांघरून दिली, थंडी वाजत असल्यासारखी.

परत येताना आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ड्रायव्हर बोलका होता. विचारलं त्यानं, "घरची गाडी न्हाय का तुमची?"

"हाय की," आई म्हणाली.

मोहोळपर्यंत मी धीर गोळा केला. म्हणाले, "आई, मी थांब म्हणाले म्हणून..."

"तू कुटं म्हनालीस?" आई डोळे मिटूनच बोलली. "माझीच पाठ दुकत होती. मीच म्हनाले, पुढच्या रविवारी जाऊ."

तिनं असं म्हटलं नव्हतं. तिला माहीत होतं, मला माहीत होतं, पुढं बसलेल्या पप्पांनाही माहीत होतं. आईनं माझा हात घेऊन आपल्या पाठीवर ठेवला, दुखत होतं तिथं.