देवाकडे थंडी मागताना

माझा भाऊ लष्कराच्या आइस हॉकी संघाचा गोलकीपर. कोकणात आचऱ्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाने हे करावं म्हणजे अतीच झालं. आम्ही तर जानेवारीत पहाटे शाल घेतली की थंडीने मेलो म्हणतो! त्याने स्केट्स पहिल्यांदा घातले ते लडाखात पोस्टिंग झाल्यावर, पंचविशी ओलांडून. बरोबरचे लडाखी जवान लहानपणापासून बर्फावर पळणारे. हा पडायचा, हसायचा, पुन्हा उभा राहायचा. धड पळता येईना म्हणून त्याला गोलात उभं केलं. तिथे तो असा पाय रोवून राहिला की त्याला हलवायची कुणाची छाती झाली नाही. मला त्याचं फार कौतुक आहे, उगाच लपवत नाही.

त्या हिवाळ्यात देशाच्या संघाची निवड होती. ऑलिंपिक आपल्याला अजून लांब आहे हे तो जाणून होता, पण त्या वाटेवर एकदा तरी देशाची जर्सी घालायची होती. वय बघता ही शेवटचीच संधी.

इकडे बाबांनी देवळात गाऱ्हाणं घातलं. उभा जन्म होडीवर काढलेला माणूस, त्यांना बर्फाचं काय कळणार? "बा देवा म्हाराजा, माझो झील थंय बर्फार उभो आसा. थंयची थंडी जरा कमी कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. कुणाच्याच डोक्यात प्रकाश पडला नाही.

थोड्याच दिवसांत भावाचा फोन. ऊन तापलंय, तळ्यावरचा बर्फ मऊ झालाय, निवडीचा सामना बहुतेक रद्द. "तुमी देवाक सांगलात तरी काय?" तो हसत विचारत होता, पण आवाज पडला होता. बाबांचं तोंड एवढंसं झालं.

ते तसेच उठून देवळात गेले, मागोमाग आम्ही. "बा देवा म्हाराजा, मागचां गाऱ्हाणां मी परत घेतंय. माझ्या झिलाक थंडी..." पोटच्या पोरासाठी गारठा मागायचा होता त्यांना. आम्ही ताटकळत उभे.

शेवटी आई पुढे झाली. "घाल म्हाराजा, कडकडीत घाल. झील माझो सोसतलो."

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज बाबांचा.

बर्फ धरला. सामना झाला. भावाने अंगावर मार झेलत गोल राखला आणि तो संघात निवडला गेला. फोनवर तो हे भरभरून सांगत होता, आम्ही नाचत होतो. बाबांनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि एवढंच विचारलं, "बोटां बरी आसत मां रे तुझी?"