बारा-तेराचा पाना

“नाई भाऊ. मशीन जागची हालत नाई म्हणजे हालत नाई.”

“अबे, बेअरिंग बसलं, पट्टा बसला, झाकण लागलं. आता काय आरती ओवाळतं का तिची?”

“बारा-तेराचा पाना गायब हाये. थो सापडू द्या, मंग न्या.”

“एका पान्यासाठी? लेका, नांदुऱ्याहून नवा आणून देतो तुले. दोन देतो!”

“नव्याचा सवाल नाई, भाऊ. जुना कुठी हाये, हा सवाल हाये.”

शंकररावांनी डोक्याचा दुपट्टा काढून तोंड पुसलं. मका काढायचं मशीन त्यांचं. कार्तिक लागला की ते रोज एका वावरात जायचं, आणि या वर्षी ऐन घाईत त्याचं बेअरिंग गेलं. चार कोसावर एका खळ्यात भुट्ट्यांचा ढीग उघडा पडलेला, मजूर बसून, आणि अजिंठ्याच्या डोंगराकडून आभाळ काळं होत चाललेलं. शंकररावांनी ट्रॅक्टर आणून मशीनला जोडलासुद्धा होता. तो चालूच होता. धडधड, धडधड.

हर्षल मशीनभोवती फिरत होता. खाली वाकून पाही, परत उठे, पँटचा डावा खिसा चाचपे, मग उजवा, मग पुन्हा डावा. हे खिसे चाचपणं त्याचं नेहमीचंच. रोहिणखेडच्या स्टँडला लागून त्याचं दुकान. मोटारी, फवारणीचे पंप, मशिनी, काही आणा, दुरुस्त करून देतो. हात चांगला आहे, पण बूड टेकत नाही. चहा उभ्यानं पितो. जेवतानासुद्धा दोनदा उठून दुकानात डोकावून येतो. बायको अर्पिता म्हणते, “ह्या माणसाच्या पायात भोवरा हाये, अन् डोक्यात त्याहून मोठा.”

दुकानाच्या भिंतीवर त्यानं प्लायवूडची एक फळी ठोकलेली आहे. प्रत्येक हत्यार ठेवून त्याच्याभोवती लाल रंगाची रेघ मारलेली. पाना काढला की लाल आकार उघडा पडतो. गावानं त्याची मस्त टिंगल केली. “मेलेल्या माणसाचे फोटो लावतात भिंतीवर, हर्षल्यानं पान्याचे लावले!” आज त्या फळीवर एकच आकार उघडा होता, आणि हर्षलची नजर फिरून फिरून तिथंच जात होती.

ही फळी त्यानं हेलिकॉप्टरच्या कंपनीतून आणली. म्हणजे फळी नव्हे, रीत. खामगावला आयटीआयचा फिटर झाला आणि एका ओळखीतून मुंबईच्या एका खाजगी कंपनीत हेल्पर म्हणून लागला. पाच वर्षं काढली. निवडणुकीत पुढाऱ्यांच्या सभा, एरवी पहाडातल्या देवस्थानाच्या फेऱ्या. काम काय, तर पंखे पुसायचे, तेलाच्या पिंपात पाणी उतरलं नाही ना ते तपासायचं, उतरायच्या जागेवरचा खडा न खडा वेचायचा, चढणाऱ्याच्या डोक्यावरची टोपी काढून त्याच्याच हातात द्यायची, बायांना पदर खोचायला लावायचा. पण त्याची आई सत्यभामाबाई सगळ्या सोयऱ्यांना सांगायची, “माह्यं पोरगं हेलिकॉप्टरात हाये.” सोयऱ्यांनी आपापल्या हिशेबानं त्याला पायलट करून टाकलं. पोरगी पाहायला गेले तेव्हा सासऱ्यानं पहिला सवाल केला, “वरून आपलं गाव केवढं दिसते हो?” हर्षलनं हातानंच दाखवलं, एवढं. तो एकदाही उडालेला नव्हता. लोकांना बसवायचं, दार लावायचं, अंगठा दाखवायचा आणि वाकून मागं सरायचं. पाच वर्षं एवढंच.

आणि एक दिवस बॅग घेऊन घरी आला तो कायमचा. “तिकडचं पाणी मानवलं नाई,” एवढंच म्हणाला. गावानं काय समजायचं ते समजून घेतलं.

तेच आता शंकररावांच्या तोंडून निघालं.

“तुह्या ह्याच लक्षणापायी हाकललं असंन तुले कंपनीनं! काई तरी मोडलं असंन, नाई तं हरवलं असंन. अन् आता माह्या मशीनवर कंपनी चालवतं का बे?”

हर्षल थांबला. शंकरराव दुकानापुढे आल्यापासून पहिल्यांदा तो जागी उभा राहिला.

“हाकललं नाई मले,” तो म्हणाला. “हाकललं असतं तं बरं झालं असतं.”

ट्रॅक्टर धडधडत होता. त्या आवाजाच्या वर आवाज चढवून हर्षल बोलला.

“पहाडात होतो. सकाळची येळ. इंजिनिअर साहेब शेपटीकडचं झाकण उघडून पाहून राह्यले, अन् मी हत्यारं देऊन राह्यलो. खालून ढग चढून राह्यले, लोकं रांगीत उभे, पायलट आत बसून. सगळ्याईले घाई. साहेबानं झाकण लावलं अन् इचारलं, हत्यारं पूर्ण? म्या हात पुसता पुसता म्हणलं, पूर्ण. कागदावर सही ठोकली. पेटीकडे पाह्यलंच नाई. पाच वर्सात एकदाबी चुकलो नोतो ना, म्हणून साहेबानंबी पाह्यलं नाई. हेलिकॉप्टर उडालं. मंग पेटी बंद कराले गेलो, तं दहाच्या पान्याची जागा रिकामी.”

“मंग?”

“मंग काय. वायरलेसवाला तीस पावलावर बसेल होता. तीस पावलं, भाऊ. मी जागीच उभा. आठ मिनिटं जायले, आठ यायले. आलं वापस. तिथं पंखा बंद करत नाईत, चालू पंख्यातच जुने उतरतात अन् नवे बसतात. म्या माह्या हातानं बसवले. पट्टे लावले. एका बुढीनं माह्या हातात परसाद ठुला. दार लावलं, अंगठा दाखवला. गेलं. असे चार फेरे झाले. चार!”

त्यानं डावा खिसा चाचपला.

“मंग तेल भराले पंखा बंद झाला. पुसायचं सोंग केलं अन् झाकण उघडलं. पाना तिथीच होता. शेपटीचा पंखा फिरवणारा दांडा असते, त्याच्यापासून बोटभर लांब. खिशात टाकला, पेटीत ठुला. कोणाले काई समजलं नाई. आजवर नाई.”

शंकरराव दोन पावलं जवळ आले.

“अन् पहिल्याच फेऱ्याले काऊन नाई बोल्ला बे तू?”

“नोकरी जाईन म्हणून.”

“अन् नोकरी?”

“आठ दिवसानं म्याच सोडली. पेटी उघडाले हात होत नोता.”

शंकररावांनी डोंगराकडे पाहिलं. काळं अजून पुढं सरकलं होतं. ते ट्रॅक्टरवर चढले आणि चावी फिरवली. धडधड थांबली तसं स्टँडवरचं सगळं एकदम ऐकू येऊ लागलं, भजी तळल्याचासुद्धा आवाज.

“कुठून उघडतं?” ते म्हणाले. “धर तिकडून.”

दोघांनी वरचा पत्रा काढला. ड्रम हातानं फिरवून एकेक दात पाहिला. चाळण्या ओढून बाहेर घेतल्या, पंख्याच्या पेटीत हर्षलनं खांद्यापर्यंत हात घातला. मागच्या वर्षीचा भुसा निघाला, अर्धा भुट्टा निघाला, कोणाच्या तरी हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला. बॅटरी मारून मारून पाहिलं. पाऊण तास गेला. पाना नव्हता.

“नाई?”

“नाई.”

“मंग आता?”

“आता काय, न्या. हिच्यात नाई ना.”

“म्हणजे एवढी उपसाउपस कराची अन् काई भेटलं नाई तं न्या!” शंकररावांनी दुपट्टा झटकून डोक्याला गुंडाळला. “तुह्या कंपनीवाल्याईच्या पाया पडलं पाह्यजे. पाच वर्सं कसं सांभाळलं तुले!” पण ट्रॅक्टर चालू केल्यावर मान वळवून ओरडले, “सापडला तं फोन कर बे!”

मशीन हेलकावे खात रस्त्याला लागलं. हर्षलच्या मनगटावर एक थेंब पडला. त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा अंगण पाहायला घेतलं, कोपऱ्यापासून, विटा उचलून उचलून.

पाऊस त्या एका थेंबावरच अडला. दोन तासांनी, त्याचं अंगण तिसऱ्यांदा पाहणं चालू होतं, तेव्हा शेजारच्या चहाच्या टपरीतून शालूबाई आल्या. हातात कप, आणि कपाच्या बशीवर बारा-तेराचा पाना.

“हा घे रे बाप्पा तुहा पाना. सकाळी शेगडीचा पाय डुगडुग करत होता. तू बेअरिंग आणाले गेल्ता, म्हणून घेतला. टेबलाखालीच राह्यला.” मग त्याचं तोंड पाहून म्हणाल्या, “काऊन? सोधत होता का?”

“मावशी, इतक्या येळची तुमी टपरीत काय करून राह्यल्या होत्या? दिसलं नाई का आमचं सोधणं?”

“दिसलं ना. मले वाटलं, तुह्यं रोजचंच चालू हाये.”

हर्षलनं पाना घेतला, फडक्यानं पुसला, लाल आकारात टांगला. फळी भरली. मोबाईल काढला आणि नुसताच हातात धरून उभा राहिला. पाऊण तासाचा खोळंबा, पाना चहावालीच्या टेबलाखाली, आणि मका पावसाच्या तोंडावर. शंकररावांना हे कळलं की सगळ्या पंचक्रोशीला कळणार. पुढच्या कार्तिकापर्यंत लोकं हसतील. न सांगितलं, तर कोणाला कळायचं काही कारण नव्हतं. शालूबाई कधीच टपरीकडे वळल्या होत्या.

त्यानं बाहीनं मोबाईलची काच पुसली आणि नंबर लावला. तीनदा लावला तेव्हा उचलला. मागून मशीनचा खणखणाट येत होता, दाणा पडत होता.

“भाऊ, सापडला.”

“आँ?”

“पाना सापडला!”

“कुठी?”

“शालूबाईच्या शेगडीपाशी.”

तिकडून शंकररावांनी हर्षलच्या सात पिढ्या उद्धरल्या, शालूबाईच्या शेगडीलाही सोडलं नाही, आणि शेवटी ओरडले, “अर्धा ढीग राह्यला! भिजला तं तुह्याच अंगणात आणून वाळू घालीन, अन् राखाले तुलेच बसवीन!” फोन बंद झाला.

हर्षलनं मोबाईल खिशात टाकला. शालूबाईंनी ठेवलेला चहा उभ्यानंच दोन घोटांत संपवला. सकाळपासून एक फवारणीचा पंप दारात येऊन पडला होता, तो पायानं पुढं ओढला. फळीवरून एक पाना काढला, एक पक्कड, एक पेचकस.

“तीन,” तो मोठ्यानं म्हणाला, आणि पंपाचं झाकण खोलायला लागला.